दरीचा परवाना, अंगणाचा उंबरा

मार्गशीर्षातील एका संध्याकाळी, बूढातलावाच्या पाण्यावरून येणारा गारवा बूढापाऱ्यातील आमच्या जुन्या घराच्या ओटीपर्यंत पोहोचला असताना, मी आत्यापुढे प्रवासाचा आराखडा मांडला. रायपुराहून रेल्वेने नागपूर, तेथून मोटारीने छिंदवाडा, आणि पुढे तामिया तहसिलीतील पाताळकोट. माणसे सहा, मुक्काम दोन. सातपुड्याच्या पठारात बाराशे-पंधराशे फूट खोल गेलेली, सुमारे 79 चौरस किलोमीटरांची ती नालाकृती दरी, तिच्या तळातून वाहणारी दुधी नदी आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या भारिया व गोंड कुटुंबांची बारा गावे यांचे वर्णन मी मोठ्या उत्साहाने करीत होतो. जिने उभा जन्म शाळेत भूगोल शिकविला ती आत्या चष्मा पुसत म्हणाली,

"तुला दरी पाहायची आहे की माणसे?"

"दोन्ही. तळच्या वस्त्यांत ऊन उशिरा उतरते आणि लवकर मावळते. तिथली माणसे कुटकी आणि मका पिकवतात, रानातून चारोळी, हिरडा, मोह वेचतात. त्यांचे भुमका झाडपाल्याची औषधे देतात."

"हे तर तुला ठाऊकच आहे. मग जायचे ते कशासाठी?"

मला तत्काळ उत्तर सुचले नाही. ती पुढे म्हणाली, "1877 साली नरेंद्रनाथ दत्त, पुढचे विवेकानंद, आपल्या वडिलांच्या इथल्या वास्तव्यात रायपुरास आले आणि याच बूढापाऱ्यात राहिले. ती जागा शोधत गेल्या साली काही मंडळी चुकून आपल्या अंगणात शिरली. मी तुळशीला पाणी घालत होते. 'येऊ का' असे कोणी विचारले नाही. त्यांनी वृंदावनाची छायाचित्रे घेतली, माझी घेतली, दोरीवर वाळणाऱ्या लुगड्यांचीही घेतली. माणसे भली होती, भक्तिभावाने आली होती. पण तेवढा वेळ मी माझ्याच घरात परकी झाले. ते गेल्यावर मी दार लावून घेतले, आणि अरे, दिवसाउजेडी दार लावण्याची माझी ती पहिलीच वेळ."

हा प्रसंग तिने मला पूर्वी कधी सांगितला नव्हता. मी म्हणालो, "तसे असेल तर आपण खाली उतरूच नये. कडेवर रातेडला उभे राहिले की सारी दरी दिसते. तिथूनच पाहू आणि कोणालाही उपद्रव न देता परतू."

"हातात दुर्बीण घेऊन?"

"ती नेणार होतो खरा."

"मग ते अधिक वाईट. वरून तुला त्यांचे अंगण दिसणार, आणि त्यांना तुझे तोंडही दिसणार नाही. त्यापेक्षा उतरावे. उतरताना गुडघे दुखतात, तहान लागते, कोणाच्या तरी दाराशी पाणी मागावे लागते. मागणारा माणूस आपोआप नम्र होतो. आपल्या नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांचे बघ. 1818 साली इंग्रजांच्या कैदेतून निसटून ते महादेवाच्या डोंगरांत शिरले, तेव्हा हर्रईच्या चैनशाहासारख्या गोंड सरदाराने त्यांना आसरा दिला. त्या मुलखाशी आपल्या लोकांचे नाते आश्रिताचेही आहे. आश्रित होऊन गेलेल्यांचे वंशज आज प्रेक्षक होऊन जाणार, हे मला पटत नाही."

मी थोडा दुखावलो, आणि माझ्या मनातील खरा आक्षेप बोलून दाखविला. "पण आत्या, कोणीच गेले नाही तर त्यांच्या चारोळीला गिऱ्हाईक कोठून मिळणार? वाटाड्याचा रोज, जेवणाचा मोबदला, हेही त्यांच्या कामाचेच आहे. त्यांना जसे आहेत तसे राहू द्यावे, असे म्हणणाऱ्याच्या घरी वीज असते आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर असतो."

ती बराच वेळ गप्प राहिली. तलावाकडून मोटारींचा आवाज येत होता. माझा आक्षेप खरा होता, आणि आजही मी तो मागे घेत नाही.

"खरे आहे," ती अखेर म्हणाली. "त्यांनी एकटे राहावे की नाही, हे ठरविण्याचा अखत्यार ना तुझा, ना माझा. म्हणून प्रश्न एवढाच उरतो की 'या' म्हणण्याचा आणि 'येऊ नका' म्हणण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे."

तेव्हा मला अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतातील कॅन्यन डी शे नावाची दरी आठवली. तिच्या लाल कातळांखाली नॅव्हाहो कुटुंबे आजही शेती करतात आणि मेंढ्या राखतात. 1864 साली अमेरिकी सैन्याने त्यांची पीचची झाडे तोडली आणि हजारोंना शेकडो मैल पायी चालवीत नेले. 1868 च्या तहानंतर ते आपल्या भूमीस परतले. 1931 साली ती दरी राष्ट्रीय स्मारक झाली, पण जमीन नॅव्हाहोंचीच राहिली. आणि दरीच्या तळाशी हिंडायचे तर सोबत नॅव्हाहो वाटाड्या घ्यावा लागतो. मी हे सांगितल्यावर आत्याने मान हलविली.

"आणि आपल्याकडे?"

"2006 च्या वनाधिकार कायद्यात आदिम जमातींच्या अधिवासहक्काची तरतूद आहे, आणि पाताळकोटच्या भारियांचा तो हक्क मान्यही झाला आहे."

"मग परवानगीसाठी जिल्ह्याच्या कचेरीत कशाला जायचे? गावाला विचार."

"गाव म्हणजे कोण? ग्रामसभेने होकार दिला, तरी एखाद्या घरच्या बाईला आमचे येणे नको असू शकेल."

"असू शकेल. परवाना दरीचा मिळतो. अंगणाचा प्रत्येक उंबऱ्याशी निराळा मागावा लागतो. आणि मागताना नकार स्वीकारण्याची तयारी आधी करावी लागते, नाहीतर ते विचारणे म्हणजे नुसती वर्दी होते."

त्या रात्री ओटीवरच्या दिव्याखाली बसून मी हिंदीत पत्र लिहिले: आम्ही सहा जण आहोत, दोन दिवस राहू इच्छितो, वाटाड्या तुमच्यापैकी असावा, छायाचित्रे विचारल्यावाचून घेणार नाही, आणि आम्ही येऊ नये असे वाटत असेल तर तसे निःसंकोच कळवावे. शेवटचे वाक्य आत्याने मला पुन्हा, ठळक अक्षरांत लिहावयास लावले.

पत्र गेले त्याला आज अठरा दिवस झाले. उत्तर आलेले नाही, आणि रेल्वेची तिकिटे आम्ही काढलेली नाहीत.