रिकाम्या गाडीचा ड्रायव्हर

भाड्याची गाडी ठरवली की दिवसाला किमान ३०० किलोमीटरचे पैसे द्यावे लागतात, गाडी तेवढी फिरो वा न फिरो. ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग वेगळं. हिंगोलीकडून वेरूळला जाऊन यायचं म्हणजे साधारण ५०० किलोमीटर. एका दिवसात उरकलं तर ५००चे पैसे. मुक्काम केला तर ६००चे, शिवाय दोन दिवसांचा भत्ता, वर पोरांच्या राहण्या-जेवण्याचा खर्च. एसटी शाळेच्या सहलीला सवलत देते, पण आमच्या वर्गात पोरं पंधरा. त्यांच्यासाठी अख्खी बस परवडत नाही. म्हणून सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर. पंधरा पोरं, एक मॅडम, एक मी. पोरामागे दोन-तीनशे रुपये वाढले की सोयाबीनवर चालणाऱ्या घरातली दोन-तीन पोरं यादीतून गळतात, हे मला नावानिशी माहीत असतं.

तेव्हा पहाटे चारला निघायचं आणि मध्यरात्रीपर्यंत परत यायचं. मी शिक्षक आहे, दर डिसेंबरला हा हिशोब करतो. पोरांच्या बाजूनं पाहिलं तर तो बरोबर आहे. पण त्यात वीस तास जागा राहणारा एक माणूस गृहीत धरलेला असतो.

कायद्यानं तो कधीच धरला होता. १९६१चा मोटार वाहतूक कामगार कायदा झाला तेव्हाच ठरलं: काही अपवाद सोडले तर दिवसाला ८ तास काम, सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, आणि कामाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत सगळं मिळून १२ तासांच्या आत. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१नं हेच तास गाडी चालवणाऱ्यांना लागू केले. आमच्या सहलीचे बारा तास दुपारी चारला संपतात. त्या वेळी पोरं अजून कैलास लेणं खालून वर बघत मान दुखवून घेत असतात.

“पण दिवसभर तो बसूनच असतो ना?” हे मी पालकांकडून ऐकलंय, शिक्षकांकडूनही. बसून असतो, खरंय. पण वेरूळच्या पार्किंगमध्ये एकदा तासभर गाडीपाशी थांबून बघा. मागून मोठी बस येते, तिला वळायला जागा हवी, म्हणून हा गाडी पुढे घेतो. मग कुणीतरी काचेवर टकटक करतं, गाडी मागे घ्या. एक पोरगी स्वेटर विसरली म्हणून धावत येते. दुसऱ्याला उलटी होतेय, त्याला मॅडम गाडीत आणून झोपवतात आणि “मामा, जरा लक्ष ठेवा” म्हणून निघून जातात. डब्यांच्या पिशव्या, पोरांचे बूट, कुणाची पैशांची डबी, सगळं त्याच्या भरवशावर. याला आपण विश्रांती म्हणतो. झोपायला माणूस सगळ्या कामातून मोकळा व्हावा लागतो, आणि पार्किंगमधला ड्रायव्हर कधीच मोकळा नसतो.

त्यातून येताना दौलताबादच्या वेशीतून गाडी काढायची. आरसे आत घेऊन, समोरच्याला हात करून, पाठीमागे पंधरा पोरं एका सुरात “मामा, जाईल का?” ओरडत असताना. गाडी पलीकडे निघाली की पोरं टाळ्या वाजवतात. दिवसभरात ड्रायव्हरकडे लक्ष जातं ते तेवढंच. ग्रुप फोटोत तो नसतो, कारण तो गाडीपाशी असतो.

मागच्या सहलीत परतताना मंठ्याच्या पुढे रात्रीचे साडेनऊ झाले. मी पुढे मामांच्या शेजारी बसलो होतो. अजून जिंतूर, औंढा, मग घर. मामांनी त्या थंडीत काच खाली केली. गाण्याचा आवाज वाढवला. मग बिस्किटाचा पुडा फोडला आणि एकेक चावत बसले.

“मामा, झोप येतेय का?”

“नाही सर. सवय हाये आपल्याला.”

‘सवय आहे’ हे उत्तर फार विचार करायला लावणारं आहे. आपण ते संमती म्हणून घेतो. पण झोप येतेय असं म्हणणाऱ्या ड्रायव्हरला मालक पुढची ट्रिप देईल का? ज्याला ‘नाही’ म्हणणं परवडत नाही, त्याच्या ‘हो’चं वजन किती धरायचं? मी पेट्रोल पंपावर गाडी घ्यायला लावली. मामा थोडे रागावलेच, त्यांच्या हातावर कुणी शंका घ्यावी हे त्यांना रुचलं नाही. पण सीट मागे टाकली आणि दोन मिनिटांत घोरायला लागले. दीड तास झोपले. इकडे व्हॉट्सॅपवर पालकांचे मेसेज: कुठपर्यंत आलात, एवढा उशीर का, ड्रायव्हर पिलेला आहे का?

हा शेवटचा प्रश्न दर सहलीला येतो. २०२३च्या १ जुलैला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसं गेली, तेव्हापासून तर पालकसभेत पहिला प्रश्न “ड्रायव्हर कसा आहे” हाच असतो. तो काल रात्री झोपला होता का, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

गावात पोचलो तेव्हा दीड वाजला होता. पोरं उतरली, मॅडमनी मोजली, पंधरा. मी मामांना म्हटलं, आता इथं शाळेतच पडा, सकाळी जा. ते हसले. पहाटे पाचला मालकाच्या दारातून वऱ्हाड उचलायचं होतं, त्याआधी गाडी धुवायची होती.

“पोरं होती म्हणून थांबलो सर. आता गाडी रिकामी हाये.”

आणि गेले. लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत मी तिथंच उभा होतो.

माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असं कांट या जर्मन तत्त्वज्ञानं १७८५ साली मांडलं. यातल्या ‘केवळ’ या शब्दाकडे आपलं लक्ष कमी जातं. एकमेकांचा उपयोग आपण सगळेच करतो. पालक माझा करतात, मी मामांचा. प्रश्न एवढाच की उपयोग संपल्यावर समोरचा माणूस आपल्या लेखी उरतो का. पंपावरचा दीड तास मामांसाठी होता की पोरांसाठी? पोरांसाठी, हे उघड आहे. गाडी नीट चालावी म्हणून तेल बदलतात, तशी ती झोप होती. पोरं उतरली आणि तिची गरज संपली. ती रिकामी गाडी झाडावर गेली असती, तर दुसऱ्या दिवशी आपण हळहळलो असतो आणि पुढे म्हणालो असतो, बरं झालं पोरं नव्हती.

मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९०मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांचा लढा होता. दमलेल्या कामगाराच्या हातून कापड बिघडतं, एवढ्यापुरती ती मागणी नव्हती. तो एक दिवस कामगाराचा स्वतःचा असावा, घरासाठी, समाजासाठी. मामांच्या झोपेबद्दल आपण अजून कापडाच्या हिशोबातच बोलतो.

यंदा स्टाफरूममध्ये मी म्हटलं, सहल जिल्ह्यातच काढू. सकाळी नर्सी नामदेव, दुपारी औंढा नागनाथ, मग सिद्धेश्वर धरण, पाचला घरी. किलोमीटर कमी भरले तरी भाडं ३००चंच लागणार, म्हणजे मालकाचंही नुकसान नाही. एक सर म्हणाले, आपण शाळा चालवतो की ड्रायव्हरची युनियन? त्यांचं बोलणं मी हसण्यावारी नेलं. पण सातवीतल्या एका मुलीनं जे म्हटलं ते नेता आलं नाही. “सर, औंढ्याला तर आम्ही दर श्रावणात जातो. वेरूळ कधी बघायचं?” तिला वेरूळला नेणारं तिच्या घरात कुणी नाही. शाळेनं नेलं नाही तर ती कदाचित कधीच जाणार नाही.

गाडी ठरवायला फोन केला तेव्हा मामाच भेटले. त्यांना दोन्ही बेत सांगितले, आणि विचारलं, तुम्हाला कोणता बरा?

“औंढ्याला नेलं तर पाचला मोकळा होतो सर,” ते म्हणाले. “मग मालक रात्रीची पुण्याची ट्रिप लावतो.”