गरजेचे खरे नाव

आमच्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांची मुले आज परदेशी स्थायिक झाली आहेत. साहजिकच नातवंडाचा बाप्तिस्मा किंवा लेकीचे बाळंतपण अशा निमित्ताने वृद्ध आईवडिलांना विमानाने जावे लागते. तिकीट काढताना मुलगा एक नोंद करतो : ‘व्हीलचेअर हवी’. आई तर रोज सकाळी मिस्सेला पायी जाते. परंतु वाटेतल्या परक्या, अफाट विमानतळावर पुढचे विमान कसे शोधायचे, इंग्रजीत कोणाला विचारायचे, या धास्तीने तिची झोप उडालेली असते. खुर्चीत बसवले की सारे सुरळीत पार पडते. हे योग्य आहे काय, असा प्रश्न मंडळी आम्हांला विचारतात. प्रश्न लहान दिसतो. पण सत्य, न्याय आणि प्रीती या तिन्हींचा त्यात कस लागतो.

प्रथम व्यवस्था समजून घेऊ. चालण्याच्या अडचणीचे तीन प्रकार विमान कंपन्या मानतात आणि त्यांची सांकेतिक नावे जगभर रूढ आहेत. ज्याला पायऱ्या चढता येतात पण लांब अंतर चालवत नाही, त्याच्यासाठी ‘डब्ल्यूसीएचआर’. ज्याला पायऱ्या चढवत नाहीत पण विमानात आपल्या आसनापर्यंत जाता येते, त्याच्यासाठी ‘डब्ल्यूसीएचएस’. आणि ज्याला आसनापर्यंतही न्यावे लागते, त्याच्यासाठी ‘डब्ल्यूसीएचसी’. या तिसऱ्या प्रवाशाला विमानाच्या अरुंद वाटेतून जाणारी निराळी खुर्ची लागते. विमान इमारतीपासून दूर उभे असेल तर माणसाला खुर्चीसह वर उचलणारी गाडी आणावी लागते. म्हणूनच ही मागणी तिकीट काढतानाच, निदान उड्डाणाच्या ४८ तास आधी नोंदवावी. दिव्यांग आणि चालण्यास असमर्थ प्रवाशाला आपल्या देशात ही मदत विनामूल्य मिळते. युरोपीय संघाने २००६ साली तसाच नियम केला. अमेरिकेत यासंबंधीचा कायदा १९८६ सालचा आहे. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रवासातील सुगमता हा हक्क मानला. तेव्हा ही मदत म्हणजे कोणाचे उपकार नव्हेत, हे आधी मनात ठसले पाहिजे.

मात्र हा हक्क बव्हंशी प्रवाशाच्या शब्दावर उभा आहे. खुर्ची मागणाऱ्याकडे साधारणतः डॉक्टरांचा दाखला मागत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पंगू माणसाला दारोदार आपले पंगुत्व सिद्ध करायला लावणे ही क्रूरताच ठरेल. पण जेथे शब्दावर विश्वास ठेवला जातो तेथे शब्दाची जबाबदारी वाढते. चढताना खुर्चीत बसलेले आणि उतरताना तरातरा चालू लागलेले प्रवासी पाहून परदेशात अशा उड्डाणांना थट्टेने ‘चमत्काराची उड्डाणे’ म्हणतात. थट्टा बाजूला ठेवू. खुर्च्या मोजक्या असतात, त्या ढकलणारे हातही मोजकेच. रांग टाळण्यासाठी घेतलेली खुर्ची कोणाच्या तरी वाट्याची असते. तो कोण, हे आपल्याला दिसत नाही इतकेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला आलेले एक ८० वर्षांचे गृहस्थ खुर्चीची वाट न पाहता, खुर्चीत बसलेल्या पत्नीसोबत पायी निघाले, वाटेत कोसळले आणि मरण पावले. पुरेशी सोय न केल्याबद्दल विमान कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड झाला. दोष कंपनीचा ठरला आणि तिला शिक्षाही झाली. पण एक खुर्ची वेळेवर मिळणे म्हणजे काय, हे त्या मृत्यूने आपणा सर्वांनाच सांगितले.

मग रोज मिस्सेला चालत जाणाऱ्या त्या आईचे काय? तिला खोटारडी ठरवायला आमचे मन धजत नाही. तिची गरज खरी आहे. गरजेला दिलेले नाव तेवढे खोटे आहे. तिला खुर्ची नको आहे, सोबत हवी आहे. भीती आणि भाषेची अडचण यांनाही गरज म्हणून मान आहे; गुडघ्याचा आधार घेऊन त्या लपवण्याचे कारण नाही. ज्येष्ठांना वाट दाखवणाऱ्या माणसाची सोय अनेक विमान कंपन्या करतात; तिला ‘मीट अँड असिस्ट’ म्हणतात. ती आधी विचारावी. तशी सोय नाही असे कळले, तर खरी स्थिती स्पष्ट सांगावी : ‘आई चालू शकते, पण वाट चुकेल.’ इतके सांगितल्यावर कंपनीनेच खुर्ची सुचवली, तर ती घेण्यात असत्य नाही, कारण कोणाचीही फसवणूक झालेली नाही. आठव्या आज्ञेचा भंग खुर्चीत बसण्याने होत नाही, बसण्यासाठी सांगितलेल्या खोट्याने होतो.

याच्या उलट बाजूचे असत्यही आम्ही पाहतो, आणि त्याची चर्चा कमी होते. गुडघे निकामी झालेले, धाप लागणारे आजोबा म्हणतात, ‘खुर्ची कशाला? लोक काय म्हणतील?’ आयुष्यभर इतरांचे ओझे वाहिलेल्या माणसाला स्वतः ओझे होणे जड जाते, हे आम्ही जाणतो. पण शुभवर्तमानातील पक्षघाती मनुष्य आठवावा. चौघांनी त्याला उचलले, छप्पर उघडून खाली सोडले. त्या चौघांच्या श्रद्धेची आपण वाखाणणी करतो. साऱ्या गर्दीसमक्ष दुसऱ्यांच्या हाती स्वतःला सोपवणाऱ्या त्या माणसाची नम्रता मात्र विसरतो. मदत करणे हे जसे प्रीतीचे कार्य, तसेच ती घेणेही. गरज असताना ‘नको’ म्हणणारा आपल्या गरजेशी तितकाच अप्रामाणिक असतो.

आणखी एक गोष्ट. खुर्चीत बसलेला माणूस म्हणजे सामान नव्हे. प्रश्न त्यालाच विचारावा, सोबतच्या मुलाला नव्हे. त्याला एका कोपऱ्यात ठेवून निघून जाऊ नये. खुर्ची ढकलणाराही यंत्र नव्हे. दिवसभर तो परक्यांच्या आईवडिलांना वाहून नेत असतो. त्याचे नाव विचारावे, आभार मानावेत.

म्हणून तिकीट काढायला बसणाऱ्या मुलामुलींना आमचे सांगणे एवढेच : नोंद करण्यापूर्वी आईवडिलांशेजारी बसून त्यांना विचारा, ‘तुम्हांला नेमके काय जमत नाही?’ पायऱ्या, अंतर, भाषा की एकटेपणा? जे उत्तर येईल तेच लिहा. खुर्ची हवी असेल तर निःसंकोच मागा. सोबत हवी असेल तर सोबत मागा.