कुत्र्याचा नकार

कोलकात्याच्या उत्तरेला, बराकपूर ट्रंक रोडवर, भारतीय सांख्यिकी संस्था आहे. 1957 साली ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन पत्नी हेलन स्पर्वे यांच्यासह इथे राहायला आले. 1939 साली ‘थेटिस’ पाणबुडी बुडाल्यावर, त्यातल्या मृत्यूंचं कारण शोधायला, या गृहस्थांनी दाबाच्या कोठडीत स्वतःलाच कोंडून घेतलं होतं. आकडी येऊन मणका दुखावेपर्यंत. ज्याला संमती देता येते त्याने आधी सोसावं, असा एकूण खाक्या. कोलकात्यात आल्यावर ते अहिंसक जीवशास्त्राची भाषा बोलू लागले. त्यांचे सहकारी द्रोणमराजू घाणेरीच्या कुठल्या रंगाच्या फुलावर कुठलं फुलपाखरू बसतं ते पाहत, सुरेश जयकर आणि स्पर्वे माळटिटवीच्या घरट्यावर नजर ठेवून असत. मारायचं नाही, कोंडायचं नाही, नुसतं बघायचं. हे भाबडं वाटेल. मलाही वाटलं असतं, ‘आयसर कोलकाता’ या विज्ञानसंस्थेतलं काम वाचलं नसतं तर.

तिथे अनिंदिता भद्र यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतो. 2020 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा एक प्रयोग बघा. भटक्या कुत्र्यापुढे झाकलेले दोन वाडगे ठेवायचे. खाणं एकातच, दुसऱ्याला नुसता वास. अनोळखी माणूस एकाकडे हात करतो. ही खूण शिकवलेली नसताना कुत्र्याला कळते का? जी कुत्री जवळ आली त्यांतल्या सुमारे 80 टक्क्यांनी खुणेप्रमाणे वाडगा निवडला. पण जवळजवळ निम्मी आलीच नाहीत. माणसाचं भय असावं, ती लांबच राहिली. त्यांना कुणी ओढून आणलं नाही. त्यांचं न येणंही निष्कर्षात मोजलं गेलं.

आता पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातली 1967 सालची कुत्री. मानसशास्त्रज्ञ सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना झोळीत बांधून विजेचे धक्के दिले. काहीही केलं तरी ते थांबत नसत. नंतर अशा पेटीत सोडलं, जिथे बुटका अडसर ओलांडला की सुटका. बहुतेक कुत्री कण्हत बसून राहिली. ‘शिकलेली असहायता’ ती हीच. नैराश्याचे कितीतरी सिद्धान्त तिच्यावर उभे राहिले. न हललेली कुत्री दोन्हीकडे आहेत. एकीकडचं न हलणं प्रयोगाने घडवलेलं, दुसरीकडचं कुत्र्याचं स्वतःचं.

इथेच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण 2016 साली सेलिग्मन आणि त्यांचे तेव्हाचे सहकारी मायर यांनी आपलाच सिद्धान्त उलटवला: निपचित पडणं ही मूळची प्रतिक्रिया, शिकली जाते ती परिस्थिती आपल्या हातात असल्याची जाणीव. हे कळलं ते मुख्यतः उंदरांच्या मेंदूवरच्या प्रयोगांतून. रस्त्यावर उभं राहून ते कळलं नसतं.

आपला 1960 चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा म्हणतो, लहान प्राण्यांवर भागत असेल तर मोठ्यांवरचे प्रयोग टाळावेत. म्हणजे कुत्र्याचं दुखणं उंदराच्या गळ्यात. सोयीची दया! प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीपुढच्या अर्जात प्राण्यांची संख्या लिहायची असते, भूल कोणती तेही. त्यात आणखी एक रकाना हवा: प्राण्याला या प्रयोगातून निघून जाता येईल का? उंदराच्या बाबतीत उत्तर बहुधा ‘नाही’ असेल, आणि तरीही काही परवानग्या द्याव्या लागतील. पण सही करणाऱ्याला ते ‘नाही’ स्वतःच्या हाताने लिहावं लागेल.