मूळ रंग कोणता?

आमच्या देवघरांत आजोबांच्या वेळचें, कागदावर हातानें रंगविलेलें दत्ताचें चित्र आहे. समईच्या काजळीनें व वयोमानानें तें तपकिरी झालें आहे. कागद चुरूं लागला, म्हणून मीं तें स्कॅन करण्यासाठीं भाईंदर स्टेशनजवळच्या एका दुकानांत नेलें. तेथील तरुणानें विचारलें, “काका, आहे तसें करूं, कीं होतें तसें?” मला उत्तर सुचेना.

आहे तसें उतरविणेंही वाटतें तितकें सोपें नाहीं. यंत्र चित्रावरून परतणारा प्रकाश तांबडा, हिरवा व निळा अशा तीन भागांत मोजतें. त्यांत चूक व्हावयाचीच. म्हणून जाणकार चित्राशेजारीं ठराविक रंगांची पट्टी ठेवतात, म्हणजे ती चूक ताडून पाहतां येते. परंतु ‘होतें तसें’ याची पट्टी कोठून आणावयाची? तेथें उरतो आपला तर्क, आणि तर्काला भडक रंग फार आवडतात! शिवाय ती काजळी म्हणजे निव्वळ मळ, असें तरी कसें म्हणावें? तीन पिढ्यांची पूजा तींत आहे.

अजिंठ्यास असेंच घडलें. जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळांत तेथील भित्तिचित्रांच्या नकला करीत. रंग स्पष्ट दिसावे म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश चढविलें गेलें. तें पिवळें पडलें आणि पुढें तें काढण्याचें काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांवर आलें. नकलांपैकीं पुष्कळशा १८८५ सालींच लंडनच्या आगींत जळाल्या. स्कॅनर असा लेप लावीत नाहीं, हें खरें. पण उजळलेली प्रत एकदां नातेवाइकांच्या मोबाइलवर पोंचली, कीं मूळ चित्रच त्यांना फिकें व खोटें वाटूं लागतें.

मीं दोन्ही प्रती करविल्या आणि उजळलेल्या प्रतीखालीं ‘रंग अनुमानानें’ असें लिहविलें. ती पाहून आई म्हणाली, “इतका निळा मला कधींच दिसला नाहीं. पण मोतीबिंदू काढल्यापासून आभाळसुद्धां निराळेंच दिसतें, तेव्हां माझें काय धरतोस!” पिकलेलें भिंग निळा प्रकाश अडवितें, हें मला ठाऊक होतें, साक्षीदाराचीच दृष्टि बदलली होती, हें मात्र ध्यानांत आलें नव्हतें.

मूळ चित्र आतां कपाटांत ठेवावें, असें माझें मत. आई म्हणते, देव कपाटांत ठेवीत नाहींत. तूर्त तें देवघरांतच आहे. समई मात्र हातभर दूर सरकविली आहे.