धारेचा आवाज मागे पडतो

लोणारच्या धारेपाशी उभे राहा.

हिवाळ्यातली सकाळ आहे. गोमुखातून पाणी पडतंय. ते बारमाही पडतं. कुठेतरी घंटा वाजते.

श्वास घ्या. सोडा.

आता फक्त पाण्याचा आवाज ऐका. तो कानात नीट बसू द्या.

मग पाऊलवाटेने खाली उतरू लागा. बरेच जण काठावरूनच सरोवर पाहून परततात. वाट मोकळी आहे.

सावकाश. पायाखाली सागाचा पाला वाजतो. तुम्ही थांबलात की तोही थांबतो.

थांबा.

धार अजून ऐकू येते का?

येते. पण बारीक.

आणखी थोडं खाली. वाळलेलं एक पान उचला. तळहाताहून मोठं, खरखरीत, कडेला दुमडलेलं. मधल्या शिरेवरून बोट फिरवा, देठापासून टोकापर्यंत. बोट चालेल तितकाच लांब श्वास घ्या.

पान होतं तिथे ठेवा.

आता वर पाहा. चहूबाजूंनी काठ. या काठापासून त्या काठापर्यंत जवळपास 1.8 किलोमीटर. लाखो वर्षांपूर्वी इथे अशनी आदळला. काळा बेसॉल्ट फुटला, वितळला, उधळला. ते सगळं काही क्षणांत घडलं.

पुढचा सगळा काळ पावसाचा. मातीचा. मुळांचा.

तुम्ही त्या काळात उभे आहात.

श्वास घ्या. सोडा.

धार ऐकू येते का?

नीट ऐका. येते आहे, की येतेय असं वाटतं आहे?

इथेच थांबा. पुढे जाऊ नका. आवाज जिथे सरतो, तिथे उभे राहा. कान अजून त्याच्याकडेच लागलेले आहेत. आवाज गेला, तरी ऐकणं चालूच आहे.

त्या ऐकण्यापाशी राहा.

फांदीवर वानर अंग खाजवतं. दूर मोर ओरडतो. खालून सरोवराचा उग्र, खारट वास येतो. येऊ द्या.

मनात कालचं काही बोलू लागेल. बोलू द्या. त्याला अडवू नका, उत्तरही देऊ नका. धार ऐकलीत तसंच तेही ऐका. हळूहळू तेही बारीक होतं.

श्वास घ्या. सोडा.

अजून थोडा वेळ.

हे अभयारण्य आहे. उजेड असतानाच परता, काही उचलून नेऊ नका. आणि ही वाट कुणाला तरी सांगावीशी वाटली, तर जरूर सांगा. दोघं मिळून आलात, तर मध्ये थोडं अंतर ठेवून चाला, आणि बोलायचं ते वर आल्यावर बोला. एवढं केलंत, तर या वाटेवर प्रत्येकाला पुरेल इतका एकांत आहे.