कवड्यांची ओळ

तुळजापुरात भवानीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका आजीचं कवड्यांच्या माळांचं दुकान होतं. आराधी नि यात्रेकरू माळा नेत. नवरात्रात तर हाताला उसंत नसे. आठ वर्षांचा नातू दुकानातच बसायचा. फारसा बोलायचा नाही. टोपलीतली एकेक कवडी पालथी मांडत ओळ लावायचा. ओळ कुणी मोडली की कान दाबून किंचाळायचा.

“गिऱ्हाइकाच्या पायात येत्यात. सोड तो चाळा!” म्हणत आजी टोपली फळीवर ठेवायची आणि त्याच्यापुढं वही-पेन्सिल सरकवायची. पेन्सिल मुठीत धरून तो इतकी दाबायचा की टोक मोडायचं. मग वही रस्त्यावर जायची.

एकदा शाळांना भेटी देणाऱ्या विशेष शिक्षिका आल्या. आजी म्हणाली, “बाई, समदे म्हणत्यात शाळेतून काढा. काढू का?”

“का काढायचं? याला स्वमग्नता आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तीही येते. शाळेवर त्याचा हक्क आहे. आणि आजी, ती टोपली खाली घ्या बरं.”

टोपली खाली आली, ओळ सुरू झाली. बाई म्हणाल्या, “बघा, कवडी चिमटीनं उचलतोय. पेन्सिलीलाही हीच बोटं लागतात. त्यांच्यात अजून बळ नाही, ते येऊ द्या.”

आजीनं दोऱ्याचं टोक मेणानं ताठ केलं. एका हातात कवडी, दुसऱ्यात दोरा. पोरगा ओवायला शिकला. बोटांना बळ यावं म्हणून कणीक मळायला दिली, पण ओलं पीठ हाताला चिकटलेलं त्याला सोसेना, तेव्हा मळायचं राहू दिलं. वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावायचं काम मात्र त्याला आवडलं.

नवरात्र तोंडावर आलं आणि आजीला हाव सुटली. “आवर लवकर, अजून एक माळ!” पोरानं दोरा टाकला तो पुन्हा हातात धरेना. बाई म्हणाल्या, “आजी, माळा हा तुमचा धंदा, त्याचा नाही.” आजीनं मग त्याची टोपली वेगळी काढली. वाटेल तेव्हा ओवावं, नाहीतर नुसती ओळ लावावी.

दिवाळीनंतर बाईंनी खडूचे बारके तुकडे आणले. ते मुठीत धरताच येत नाहीत, चिमटीतच धरावे लागतात. दुकानाच्या दारावर उभ्यानं तो लांबट गोल काढू लागला. कवड्यांचीच ओळ ती! बाईंनी एका गोलाला उजवीकडून दांडी जोडली. ‘व’ झाला. त्यानं उरलेल्या सगळ्या गोलांना दांड्या दिल्या. पुढं दांडीला शेपूट फुटलं आणि ‘क’ आला.

“वर्षभरात दोनच अक्षरं?” शेजारी हसला.

“दोनच. पण त्यानं आपल्या मनानं काढल्यात,” आजी म्हणाली.

तात्पर्य : लेकराचा चाळा मोडून हाती पेन्सिल देता येत नाही. त्याचं मन जिथं रमतं तिथूनच वाट काढावी आणि त्याच्याच चालीनं चालावं.