प्रतिपिंड सापडल्यानंतर

अर्नेस्ट गुडपाश्चर या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने 1919 साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता इन्फ्लुएंझा. जगभर कोट्यवधी माणसांचा बळी घेणाऱ्या महासाथीचे कारण मृतांच्या फुप्फुसांत सापडते का, याचा तो शोध होता. त्यात ओघाने एका 18 वर्षांच्या तरुणाची हकिगत आली. इन्फ्लुएंझातून तो सावरू लागला होता, आणि मग थोड्या आठवड्यांत गेला. शवविच्छेदनात फुप्फुसांत ठिकठिकाणी रक्तस्राव आढळला आणि मूत्रपिंडांना दाह झालेला दिसला. गुडपाश्चर पुढे विषाणूंकडे वळले. कोंबडीच्या अंड्यातील गर्भात विषाणू वाढवण्याची त्यांची पद्धत लसनिर्मितीच्या फार उपयोगी पडली आणि त्यांची कीर्ती मुख्यतः तीवर उभी आहे. 1958 साली ऑस्ट्रेलियातील स्टँटन आणि टँज यांनी अशाच नऊ रुग्णांची नोंद करताना जुन्या निबंधाची आठवण ठेवून या जोडदुखण्याला गुडपाश्चर यांचे नाव दिले. मूळचा तरुण आज या नावाखाली बसेल का, याविषयी मात्र अनेक जाणकार साशंक आहेत. त्याला लहान रक्तवाहिन्यांचा दाह असावा, असे त्यांना वाटते. म्हणजे नाव मिळाले तेव्हा या आजाराविषयी ठाऊक होते ते इतकेच, की एकाच माणसाची फुप्फुसे आणि मूत्रपिंडे एकाच वेळी बिघडतात. वैद्यकात अशी जुळणी कळणे म्हणजे प्रश्न नीट मांडता येणे. उत्तर अजून दूर होते.

उत्तराचा एक धागा मात्र कितीतरी आधीपासून प्रयोगशाळेत पडून होता. 1900 साली लिंडमानने दाखवले होते, की एका प्राण्याच्या मूत्रपिंडाविरुद्ध दुसऱ्या प्राण्यात तयार केलेले रक्तजल पहिल्या जातीच्या प्राण्याला टोचले तर त्याची मूत्रपिंडे बिघडतात. 1930च्या दशकात जपानच्या मसुगींनी तो प्रयोग इतका नेटका केला, की अशा दाहाला त्यांचेच नाव चिकटले. तरीही माणसाच्या आजाराशी त्याचा संबंध लावायला कोणी फारसे धजावले नाही. पॉल एर्लिखचा दरारा मोठा होता, आणि शरीर स्वतःविरुद्ध शस्त्र उचलत नाही हे त्यांचे मत अर्धशतक जवळजवळ नियमासारखे मानले गेले. मसुगींच्या प्रयोगातले प्रतिपिंड परक्या प्राण्याकडून आलेले होते, त्यामुळे हा नियम मोडल्याशिवायच त्यांचा अर्थ लावता येत होता. 1962 साली स्टेब्ले यांनी मेंढ्यांना मानवी मूत्रपिंडाच्या गाळणीतील आधारपटल टोचले, तेव्हा मेंढ्यांच्या शरीराने स्वतःच्याच मूत्रपिंडांवर हल्ला चढवला. त्या मेंढ्या मूत्रपिंडदाहाने मेल्या. नियमाला तडा गेला तो असा.

याच सुमारास मूत्रपिंडाच्या कापांवर चमकणारे रंगद्रव्य लावून प्रतिपिंड कुठे बसले आहेत ते पाहण्याची सोय झाली. गुडपाश्चर आजाराच्या रुग्णांत ते आधारपटलावर एका अखंड, सरळ रेषेत दिसत. इतर मूत्रपिंडदाहांत ते दाणेदार ठिपक्यांसारखे विखुरलेले असत. पण दिसणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. अवयव आधीच बिघडलेला असेल आणि प्रतिपिंड नंतर येऊन चिकटले असतील, ही शंका रास्त होती. 1967 साली लर्नर, ग्लासॉक आणि डिक्सन यांनी रुग्णांच्या मूत्रपिंडांतून हेच प्रतिपिंड सोडवून घेतले आणि माकडांना टोचले. माकडांना मूत्रपिंडदाह झाला. माणसाच्या शरीरातून काढलेला पदार्थ निरोगी प्राण्यात तोच आजार घडवतो, इतका थेट पुरावा स्वयंप्रतिकारक म्हणवल्या जाणाऱ्या फार थोड्या आजारांच्या वाट्याला आला आहे. कथा इथे संपली असे पुष्कळांना वाटले. माझे म्हणणे असे, की 1967 साली कारणाचा निम्माच भाग सापडला. अवयव कोण फोडतो ते कळले, पण तो नेमके कशावर वार करतो आणि याच माणसात, याच वेळी का करतो, हे कळले नाही. आणि उरलेल्या भागाचे महत्त्वाचे धागेदोरे रुग्णांच्या खाटेजवळ सापडले, हे या इतिहासातले सर्वांत विचार करण्याजोगे वैशिष्ट्य आहे.

पहिला धागा अल्पोर्टच्या आजाराचा. 1927 साली सेसिल अल्पोर्ट यांनी एका घराण्यातील आनुवंशिक मूत्रपिंडविकार आणि बहिरेपणा यांची सांगड घातली होती. पुढे प्रत्यारोपणाचा काळ आला आणि वैद्यांना काही विलक्षण रुग्ण भेटले. अल्पोर्टच्या रुग्णाला दुसऱ्याचे निरोगी मूत्रपिंड बसवले, की शेकड्यात काही जणांना आधारपटलाविरुद्धचे प्रतिपिंड तयार होत आणि नवे मूत्रपिंड नष्ट होई. दुसऱ्या बाजूने पाहिले तर गुडपाश्चर आजाराच्या रुग्णांचे रक्तजल अल्पोर्टच्या अनेक रुग्णांच्या मूत्रपिंडांना चिकटतच नसे. दोन्ही निरीक्षणांतून एकच अनुमान निघते. अल्पोर्टच्या शरीरात जे नाही, नेमके तेच गुडपाश्चरच्या प्रतिपिंडांचे लक्ष्य आहे, आणि ज्या शरीराने ते कधी पाहिलेच नाही त्याला प्रत्यारोपित मूत्रपिंडातला तो भाग परका वाटतो. 1980च्या दशकात हडसन, विस्लँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे लक्ष्य ओळखले. चौथ्या प्रकारच्या कोलॅजनच्या आल्फा-3 साखळीचे ते टोक निघाले. आल्फा-3, आल्फा-4 आणि आल्फा-5 या साखळ्या एकमेकींत गुंफून जे जाळे विणतात ते मूत्रपिंडाच्या गाळणीत असते, फुप्फुसाच्या वायुकोशांत असते आणि आतल्या कानातही असते. तिन्हींपैकी एक नसेल तर जाळे विणलेच जात नाही. म्हणून 1990 साली अल्पोर्टचा दोष आल्फा-5च्या जनुकात सापडला, तेव्हा आल्फा-3 त्या मूत्रपिंडांतून गायब का होते याचे कोडे सुटले. बहिरेपणाही समजला, आणि दोन अवयव एकाच वेळी का बिघडतात हा 1919चा प्रश्नही बऱ्याच अंशी सुटला.

बऱ्याच अंशी म्हणतो, कारण लक्ष्य दोन्हीकडे असूनही प्रत्येक रुग्णाच्या फुप्फुसांतून रक्त येत नाही. एकाच प्रतिपिंडाने एकाला केवळ मूत्रपिंडविकार का होतो आणि दुसऱ्याच्या खोकल्यातून रक्त का पडते? उत्तर 1983 साली डोनाघी आणि रीस यांच्या एका साध्या नोंदीतून आले. त्यांच्याकडे 47 रुग्ण होते. त्यांतील 37 सिगारेट ओढणारे होते आणि त्या सर्वांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला होता. न ओढणाऱ्या 10 जणांपैकी तो फक्त दोघांना झाला. शंका घेणारा म्हणेल, 47 ही संख्या ती काय? धूम्रपान आणि रक्तस्राव यांच्यामागे तिसरेच काही असेल. आक्षेप रास्त आहे, पण शरीररचना इथे साक्ष देते. मूत्रपिंडाच्या केशिकांच्या अस्तराला बारीक खिडक्या असतात, त्यामुळे रक्तातला प्रतिपिंड आधारपटलापर्यंत सहज पोहोचतो. फुप्फुसाच्या केशिकांचे अस्तर सलग असते, म्हणून तिथे आधी काहीतरी इजा व्हावी लागते. 1987 साली यामामोटो आणि विल्सन यांनी सशांच्या श्वासनलिकेत पेट्रोल सोडले, तेव्हा फुप्फुसाच्या पटलावर हे प्रतिपिंड बसलेले दिसले. सिगारेट, पेट्रोलजन्य द्रव्यांची वाफ, एखादा छातीचा संसर्ग हे सर्व फुप्फुसाचे दार उघडणारे आहेत. गुडपाश्चरच्या निबंधातला तरुण इन्फ्लुएंझातूनच उठला होता, हे ओघात लक्षात ठेवावे.

आता उरला सर्वांत अवघड भाग, याच माणसात का. एचएलए-डीआर 15 हा वारसा या आजाराच्या दहापैकी सुमारे आठ रुग्णांत सापडतो. पण युरोपीय लोकांत तो जवळजवळ चौथ्या-तिसऱ्या हिश्शाकडे असतो आणि आजार होतो वर्षाला दहा लाखांत एखाद्याला. वारसा भूमी तयार करतो, पेरणी वेगळी असते. 2006 पासूनच्या संशोधनाने गुंता वाढवला. बीजिंगमधील संशोधकांना निरोगी माणसांच्या रक्तातही याच लक्ष्याविरुद्धचे सौम्य प्रतिपिंड सापडले. अमेरिकी सैन्याच्या जतन केलेल्या रक्तनमुन्यांत, पुढे आजारी पडलेल्या काहींना लक्षणांच्या आधीच प्रतिपिंड होते आणि अनेकांत त्याच्याही आधी रक्तवाहिन्यांच्या दाहाशी जोडलेले दुसरेच प्रतिपिंड, एएनसीए, उपस्थित होते. 2010 साली पेड्चेंको आणि हडसन यांनी दाखवले, की लक्ष्य सामान्यतः गुंफणीच्या आत लपलेले असते आणि साखळ्या सुट्या झाल्या की उघडे पडते. यावर एक आक्षेप ऐकू येतो. प्रतिपिंड दोषी ठरलेला असताना हा तपशील रुग्णाला काय देतो? देतो. एएनसीए सोबत असेल तर आजार उलटण्याचा धोका वाढतो आणि औषधे जास्त काळ चालवावी लागतात. प्रतिपिंड रक्तात असताना प्रत्यारोपण केले तर नवे मूत्रपिंडही जाऊ शकते, म्हणून ते नाहीसे होऊन काही महिने उलटल्यावरच शस्त्रक्रिया करतात.

आणि उपचार? 1976 साली लंडनच्या हॅमरस्मिथमधील लॉकवूड आणि सहकाऱ्यांनी रक्तातील प्लाझ्मा बदलून प्रतिपिंड काढणे आणि औषधांनी त्याची नवी निर्मिती थांबवणे, असा दुहेरी मार्ग काढला. याआधी बहुतेक रुग्ण दगावत. टीकाकार म्हणतात, यामागे मोठी तुलनात्मक चाचणी नाही. 1985ची एकमेव यादृच्छिक चाचणी अवघ्या 17 रुग्णांची होती. खरे आहे, पण दहा लाखांत एक असलेल्या आजारात शेकडो रुग्ण एकत्र यायला किती वर्षे लागतील, हेही विचारले पाहिजे. इथे यंत्रणेची समज संख्येची काही उणीव भरून काढते. प्रतिपिंडच रोग घडवतो हे सिद्ध असेल, तर तो लवकर काढणे हा तर्कशुद्ध उपाय आहे. याच तर्काने एका जिवाणूपासून मिळवलेले, प्रतिपिंडाचे तुकडे करणारे इम्लिफिडेज हे विकर 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 15 रुग्णांना दिले गेले. सहा महिन्यांनी त्यांतील 10 जण डायलिसिसविना होते. अर्थात या अभ्यासात तुलनेसाठी समांतर गट नव्हता, तेव्हा ढोल वाजवण्याची घाई नको.

समज वाढली तरी उशिरा आलेल्या रुग्णापुढे ती हतबल आहे. हॅमरस्मिथच्याच 71 रुग्णांच्या 2001च्या अहवालानुसार क्रिएटिनिन 500 मायक्रोमोल, म्हणजे आपल्या प्रयोगशाळांच्या भाषेत सुमारे 5.7 च्या खाली असताना उपचार सुरू झाले, तर वर्षभराने 95 टक्के रुग्णांची मूत्रपिंडे काम करत होती. येताच डायलिसिसवर जावे लागले त्यांच्यात हे प्रमाण अवघे 8 टक्के होते. फाटलेली गाळणी प्रतिपिंड गेल्यावर परत विणली जात नाही. म्हणून खोकल्यातून रक्त, लघवी लालसर आणि क्रिएटिनिन चढते, असा रुग्ण समोर आला, की आधारपटलाविरुद्धच्या प्रतिपिंडाची चाचणी त्याच दिवशी पाठवावी आणि संशय बळकट असेल तर तिच्या अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत.